एका दमात बोललेला बार

आमच्या खदानीत सुरुंगाचा होल उडाला की माणसं म्हणत, "बोलला." आणि आत दारू भरलेली असूनही उडाला नाही, तर तो "मुका". मुक्याचं भय सगळ्यांनाच होतं. दारू आत, ती पेटवणारी टोपी आत, आणि वरून कुणीतरी सब्बल घेऊन निघालेला, याहून वाईट खदानीत दुसरं काही नव्हतं. म्हणून बार उडवायच्या वेळी घणवाले, घमेली वाहणाऱ्या बाया, ट्रक भरणारे, सगळे मातीच्या बांधाआड उभे राहून मोठ्यानं बार मोजत. बत्तीची वात प्रत्येक होलाला कमीजास्त लांबीची लावलेली असे, त्यामुळे होल एकामागून एक उडत, मध्ये चांगली सवड घेऊन. धडाम झालं की सगळ्यांच्या तोंडून "एक!" पुन्हा धडाम, "दोन!" भरले तेवढे मोजून झाले की बारवाला हात वर करून ओरडे, "सगळे बोलले!" मग कुठे माणसं खाली उतरत.

लग्न होऊन आले तेव्हा हा प्रकार पाहून मला हसू आवरेना. मोठमोठी मिशीवाली माणसं शाळेतल्या पोरांसारखी अंक घोकतायत! मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी आटलं. पुढे एकदा मोजणी एकानं कमी भरली. सगळी माणसं भर उन्हात बांधाआड बसून राहिली, बारवाल्यानं मुका होल शोधून त्याचा बंदोबस्त करीपर्यंत एकही जागचा हलला नाही. भाकरीचं फडकंसुद्धा कुणी सोडलं नाही. त्या दिवसापासून मीही मोजू लागले, आणि सगळ्यांत मोठ्यानं.

मी नागपुरातल्या सक्करदऱ्याची. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेली, तोंडानं फटकळ आणि डोक्यानं तापट. आमचे हे म्हणायचे, सकाळी चुलीच्या आधी हीच पेटते. सासर हिंगण्याच्या बाजूला. मामाजींचं तिथलं वावर म्हणजे वर वीतभर माती आणि खाली काळा दगड. कापूस त्यात कधी गुडघ्यावर गेला नाही. शेवटी वैतागून मामाजींनी नांगर ठेवला आणि खदान काढली, मग कर्ज न काढता दगडाची गिट्टी, म्हणजे खडी, करणारा एक जुना क्रेशर उभा केला. वावर लहान होतं, म्हणून खदान हळूहळू शेजारच्या गावाच्या पडीक जमिनीत सरकली. ती जमीन ग्रामपंचायतीकडून भाडेपट्ट्यानं घेतलेली. म्हणजे गावानं नाही म्हटलं की खदान बंद. हे आम्हाला माहीत होतं आणि गावालाही चांगलंच माहीत होतं.

आणीबाणी उठून थोडे दिवस झाले होते. नागपूर चहूकडे पसरत होतं, जिकडेतिकडे स्लॅब पडत होते, आणि सगळ्यांना गिट्टी हवी होती. दगड आमच्याकडे भरपूर होता, रडगाणं होतं ते त्याच्या आकाराचं. बार उडाला की खाली म्हशीएवढाले धोंडे येऊन पडत. क्रेशरचा जबडा असतो हातभर, त्यात म्हैस कशी जाणार? मग घणवाले दिवसदिवस त्या धोंड्यांवर घण घालत बसायचे आणि क्रेशर रिकामा घरघरायचा. उलट काही दगड एवढे बारीक होऊन असे उडत की थेट गावातल्या कौलांवर जाऊन पडत. जिथे फुटायला हवं तिथे अख्खा, आणि जिथे जायला नको तिथे हजर. आमच्या दगडाचा स्वभाव अगदी आमच्या घरातल्या माणसांसारखा होता.

नाल्यापलीकडच्या खदानवाल्यानं यावर एक तोड काढली. त्यानं वात सोडून विजेच्या टोप्या आणल्या, सगळ्या तारा एकत्र जोडल्या आणि एका दणक्यात सगळे होल उडवले. तो दणका मी स्वयंपाकघरात उभी असताना पायाखालून गेलेला आठवतो. हातातलं वरणाचं पातेलं हिंदकळलं. गावात तर चार घरच्या उतरंडी कोसळल्या. डाळ, तांदूळ, मिरच्या, कुणाची पापडाची साठवण, सगळं अंगणापर्यंत पसरलं. एवढं करून त्याच्याकडचे धोंडे आमच्यापेक्षाही मोठे निघाले. गाव संतापलं, आणि संतापलं ते दोन्ही खदानींवर, कारण उतरंड कोणत्या खदानीनं पाडली हे काही फुटक्या मडक्यावर लिहिलेलं नसतं.

त्याच सुमारास नागपूरच्या सदर भागातल्या दारूगोळ्याच्या दुकानाकडून एक माणूस आला. शर्ट पँटमध्ये खोचलेला, बोलणं अर्धं हिंदी. त्याच्या पिशवीत नमुन्याच्या रिकाम्या टोप्या होत्या, प्रत्येकीच्या तारेला नंबराचा बिल्ला. त्यांना डिले टोप्या म्हणतात, तो म्हणाला. वीज एकदाच सोडायची, पण एक नंबर आधी उडतो, दोन नंबर त्यानंतर, तीन त्याच्याही नंतर. मधला अवकाश टोपीतच भरलेला असतो. दोन प्रकार होते. एक अर्ध्या सेकंदाच्या अंतराचा. दुसरा शॉर्ट डिले, त्यातलं अंतर इतकं थोडं की पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

मामाजींनी त्याला चहा पाजला आणि ते त्याला वाटेला लावायच्या बेतात होते. मी दारातूनच विचारलं, "पण एवढ्याशा अंतरानं दगडाला काय कळणार?"

तो माणूस खूश झाला, बहुतेक दिवसभरात त्याला कुणी प्रश्नच विचारला नसावा. त्यानं सांगितलं ते मला चटकन समजलं, कारण मी ते मनात लग्नाच्या पंगतीवर नेऊन बसवलं. पुढच्या रांगेतला दगड म्हणजे पहिली पंगत. ती उठून जरा बाजूला झाली की मागच्यांना बसायला जागा होते. सगळे एकदमच आत घुसले तर नुसती रेटारेटी, कुणीच जेवत नाही आणि मांडवाचे खांब हलतात. नाल्यापलीकडे नेमकं हेच झालं होतं. मागच्या रांगेला पुढे सरकायला जागाच नव्हती, म्हणून तिचा सगळा जोर जमिनीत गेला आणि गावातल्या उतरंडींतून बाहेर आला. आणि दोन पंगतींमध्ये फारच वेळ गेला तर? तर मागच्यांना सगळं थंडगार मिळतं. पुढचा दगड केव्हाच निघून गेलेला, मागच्याला समोर आपटायला कुणी नाही, रगडायला कुणी नाही, तो मोकळ्यात फेकला जातो. शिवाय पुढच्या दणक्यानं सरकलेली जमीन मागच्या होलांना चेंगरून ठेवते ती वेगळीच. मधल्या नेमक्या क्षणी, पुढचा दगड सुटलाय पण अजून हवेतच आहे, तेवढ्यात मागचा येऊन त्याच्यावर आदळला पाहिजे. तसं झालं तर दगडच दगडाला फोडतो.

मी त्या दिवशी स्वयंपाकात मीठ विसरले. रात्री जेवताना आमचे हे काही बोलले नाहीत, मामाजी बोलले. पण मला त्याचं काही वाटलं नाही. बी.एस्सी. झाल्यापासून पहिल्यांदाच शिकलेलं काहीतरी समोर उभं राहिलं होतं.

मामाजींना डिलेची कल्पना पटली, पण शॉर्ट डिले पटेना. त्यांना हवा होता अर्ध्या सेकंदाचा. "थो मोजता येते," ते म्हणाले. बारवाला त्यांच्याच बाजूनं. हा बारवाला म्हणजे लायसनवाला, मोठ्या आवाजाचा, स्वतःच्या कामाचा प्रचंड गर्व असलेला माणूस. लग्नाकार्यातही तो आपण कोणत्या खदानीत किती बार उडवले तेच सांगत बसे. तो मला म्हणाला, "बाई, बार म्हणजे बोलणं आहे. एक माणूस बोलला, मंग दुसरा बोलला, तं समजते. सारेच संग बोलले तं कोण मुका राह्यला हे तुम्ही कसं सांगान?"

प्रश्न खरा होता. आणि प्रश्न खरा असला की मी चिडते. मी चिडले, पण ठरलं त्यांच्या मनासारखंच.

अर्ध्या सेकंदाचा बार माणसांना फार आवडला. वातीपेक्षा झपझप, पण मोजता येतील असे एकेक दणके. सगळे तालात मोजत होते, बाया हसत होत्या. बारवाल्यानं दोन्ही हात वर करून "सगळे बोलले!" म्हणून आरोळी ठोकली. धूळ खाली बसली तर तेच म्हशीएवढाले धोंडे. आणि शेवटच्या होलातला एक दगड मोकळ्या हवेतून निघाला तो गावात, सरपंचाच्या गोठ्याचं पत्र्याचं छप्पर फोडून गव्हाणीत पडला. गाय चरायला गेलेली होती म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचीणबाई आमच्या अंगणात. सरपंच तिचा नवरा, पण गाव कुणाच्या शब्दावर चालतं हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. उंच, नऊवारी कसून नेसलेली, हातात तोच दगड. तिनं तो मामाजींच्या खाटेवर ठेवला.

"हे तुमचं घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "गाय गोठ्यात असती तं आज मी दगडासंग गायही आणून टाकली असती इथं."

मामाजी उठून उभे राहिले. "भरपाई करून देतो, वहिनी. छप्पर नवं टाकून देतो."

"छप्पर टाकानच तुम्ही. पण आता आइका. पुढच्या बाराले माह्या घरातली उतरंड हालली, नाहीतं गावात कोणाच्याही कौलावर खडा पडला, तं पट्टा संपला. पंचायतीत ठराव लिहून ठेवलाय, सह्या तेवढ्या बाकी आहेत."

ती गेली. मामाजी खाटेवर बसून त्या दगडाकडे पाहत होते. नांगर ठेवून बसलेला माणूस, वय झालेलं, आणि त्याच्या भरवशावर पोटाला लागलेली पन्नासेक माणसं. ही खदान गेली तर त्यांना दुसरं काही सुरू करायची ताकद राहिली नव्हती, हे मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

मी म्हणाले, "मामाजी, पुढचा बार माझ्या म्हणण्याप्रमाणं करा."

"तुह्या म्हणण्यानं करून उतरंड पडली तं?"

"अन् तुमच्या म्हणण्यानं पडली तं? दोन्हीकडून पडाचीच असन तं माह्या म्हणण्यानं पडू द्या! निदान म्हणाले येईन, सून कजाग होती म्हणून बुडालो."

आमचे हे तोंड फिरवून हसले. मामाजी हसले नाहीत, पण खाटेवरचा दगड उचलून खाली ठेवत म्हणाले, "एक बार तुले दिला, बाई. एकच आहे आपल्यापाशी."

सदरचा माणूस पुन्हा आला आणि दोन दिवस खदानीत राबला. होलांमधली अंतरं त्यानं फुटपट्टीसारखी सरळ मोजून घेतली, कारण होल वाकडेतिकडे असले तर टोपीतलं वेळेचं अंतर कितीही अचूक असून उपयोग नाही. पुढच्या रांगेत एक नंबर, तिच्या मागे दोन, त्यामागे तीन. बारवाला कुरकुरत होता, पण हात त्याचाच, भरणं त्याचंच. होलाच्या तोंडाशी तो बारीक खडी ठासत होता ती इतक्या नेटानं की मला वाटलं, हा मनातून माझ्याच तोंडात ती ठासतोय. तारा जोडून झाल्या, मीटर लावून पाहिला, काटा बरोबर हलला. म्हणजे निदान तारांत तरी कुठे खोट नव्हती.

मी बांधाआड उभी राहिले. खरं सांगते, फिजिक्सच्या पेपरलाही मी एवढी भ्याले नव्हते. पेपरात नापास झालं तर आपण एकटेच नापास होतो. मामाजी बाजूला होते, पागोटं काखेत धरून. आमचा माणूस गावात बार सांगून परतला होता. शिटी वाजली. सगळ्यांनी मोजायला तोंडं उघडली. बारवाल्यानं तारांत वीज सोडणाऱ्या एक्स्प्लोडरची मूठ फिरवली.

घर्रर्र झालं. बस. दणका नव्हताच. पोटात धरून ठेवलेल्यासारखा एक जाड आवाज, इकडून तिकडे गेला आणि संपला. कडा एकसंध पुढे झुकला, पोतं ओतावं तसा खाली सांडला आणि धुळीत दिसेनासा झाला.

सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "एक!"

आणि मग सगळे पुढच्या धडामची वाट पाहत राहिले.

तो काही आला नाही. धूळ वर चढत होती, एक टिटवी ओरडत गेली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एका घणवाल्यानं हळूच म्हटलं, "एकच बोलला." मागून एक बाई, "बाकीचे सारे मुके!" एवढं म्हणताच बांधाआडची सगळी माणसं मागे सरली. एक मुका म्हणजे मरण, इथे तर अख्खी रांग मुकी. मी ओरडून सांगत होते, अरे सगळेच बोलले, एका दमात बोलले, म्हणून एकच ऐकू आला. कोण ऐकतो? जन्मभर ज्यांनी मोजून जीव वाचवला, त्यांच्यापुढे मी सांगत होते की मोजू नका. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मीसुद्धा एकच ऐकला होता. डोकं सांगत होतं बरोबर झालं, कान सांगत होते काहीतरी चुकलं.

एवढ्यात पायवाटेवरून सरपंचीणबाई तरातरा येताना दिसली. मला वाटलं, उतरंड पडली, संपलं सगळं. मामाजींनी काखेतलं पागोटं डोक्यावर घातलं, जणू शिक्षा ऐकायला तयार होत होते.

ती येताच कडाडली, "काहून वं बाई, मस्करी करून राहिले काय? मी सकाळपासून त्या उतरंडीपाशी बसून आहो. घरची कामं टाकून! बार कराचा नव्हता तं निरोप कायले धाडला?"

मला काही कळेना. "बार?"

"हाव, बार! का भेले उतरंडीले? तुम्ही बार केलाच नाही, अन् उद्या सांगान का केला होता, काही हाललं नाही. मी काही दुधखुळी नाही, सांगून ठेवतो."

"वहिनी," मामाजी म्हणाले, "तुम्हाले काहीच आइकू नाही आलं?"

"एक ट्रक खाली केल्याचा आवाज आला. गिट्टीचा. तेवढाच."

आता पाहा माझी अवस्था. एकीकडे माणसं म्हणतायत एकच होल उडाला, खाली मरण आहे. दुसरीकडे ही बाई म्हणतेय बार झालाच नाही, तुम्ही लबाड आहात. आणि मी मधोमध उभी. मला एकदम हसू फुटलं, जोरात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सरपंचीणबाईला वाटलं मी तिलाच हसतेय, आणि तिनं मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

मी खाली धावायला निघाले तर बारवाल्यानं हात आडवा घातला. "बाई, फिजिक्स तुमची. इथलं पहिलं पाऊल माहं आहे." त्याचं बरोबर होतं. नियम तसाच होता. धूळ पुरती बसेपर्यंत त्यानं कुणाला हलू दिलं नाही, मग एकटा उतरला. आम्ही वरून त्याचा पांढरा सदरा तेवढा पाहत होतो. तो काठाकाठानं गेला, वाकला, तारांची टोकं उचलून पाहिली, पुढे गेला, पुन्हा वाकला. एके ठिकाणी बराच वेळ उकिडवा बसून राहिला. माझ्याशेजारी मामाजींचा श्वास मला ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते, देवा, एकही मुका निघू देऊ नको, मी पुन्हा कुणाशी भांडणार नाही. हा नवस मी पुढे पाळला नाही.

तो उठला. आमच्याकडे वळला. त्याचा तो मोठा आवाज खदानीच्या चारही कड्यांवर आपटून वर आला, "सगळे बोलले गा! सगळेच्या सगळे बोलले!"

क्षणभर कुणाला पटलं नाही. मग त्यानं जमिनीवरून एक दगड उचलून डोक्यावर धरला. एका हातानं उचलला. आमच्या खदानीत बारानंतर एका हातानं उचलता येईल असा दगड कुणी पाहिला नव्हता. माणसं धावत सुटली. मीही धावले, चप्पल कुठेतरी निसटली ती तशीच सोडली. खाली ढीग पडला होता, मऊ, सैल, सगळा हातभराच्या आतला. एखाददुसरा धोंडा होता, नाही असं नाही, पण तो पाहुण्यासारखा वेगळा बसलेला. माणसं ढिगावर चढत होती, दगड हातात घेऊन एकमेकांना दाखवत होती. एक घणवाला घण खांद्यावर घेऊन इकडे तिकडे फिरला आणि मोठ्यानं म्हणाला, "आता मी काय फोडू, बाप्पा? माहं डोस्कं?" तर बायांनी त्याला घमेलं दिलं.

बारवाला आता सगळ्यांना सांगत होता की बार असाच करायचा असतो, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी त्याला सांगू दिलं. माझी छाती एवढी भरून आली होती की त्यात त्याचीही फुशारकी मावत होती.

मामाजी ढिगाशी उभे होते. त्यांनी दोन दगड उचलले आणि काही न बोलता क्रेशरकडे चालू लागले. क्रेशर सुरू केला. स्वतःच्या हातानं एक दगड जबड्यात टाकला, मग दुसरा. कडकड असा आवाज झाला आणि खालून गिट्टी पडली. ते तिथेच उभे राहिले, पाठ आमच्याकडे. बऱ्याच वेळानं वळले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "सूनबाई, क्रेशरची धूळ लय झाली आज." मी म्हटलं, "हाव मामाजी, लयच झाली." आणि आम्ही दोघंही निर्लज्जासारखे रडलो. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या कोणत्याही पदवीपेक्षा मला तो दिवस मोठा वाटतो, आणि हे म्हणायला मला कसलाही संकोच नाही.

सरपंचीणबाई मात्र अजून काठावरच. ती सहजासहजी हरणारी नव्हती. कमरेवर हात ठेवून तिनं तो ढीग नीट पाहिला, कडा जिथे होता ती मोकळी जागा पाहिली, मग सावकाश खाली उतरली. तिनं पायानं दोन दगड लोटून पाहिले. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते, पण तेव्हा मी जीभ आवरली, कारण खदान राहणार की जाणार हे अजून तिच्याच हातात होतं.

"उतरंड नाही हालली," ती म्हणाली. "वरचं मडकं मी मुद्दामच जरा तिरपं ठेवलं होतं. तेही तसंच राह्यलं."

"मंग झालं तर," मी म्हटलं.

"काहीच नाही झालं! तक्रार आहे माही."

मामाजी क्रेशरकडून लगबगीनं आले. "कायची तक्रार, वहिनी?"

"माही लेक बाळंतपणाले आली आहे. तिचं लेकरू रात्रभर रडून सकाळी कुठं झोपलं. अन् तुमचा तो बार सांगणारा माणूस रिकामा डबा बडवत बडवत गल्लीतून आला, बार होणार हो, बार होणार हो! लेकरू तडक जागं झालं. मंग म्या मांडीवर घेऊन थोपटलं, तं लागला डोळा. बार तुम्ही त्याच्या नंतर केला न?"

"हाव. त्याच्या नंतर."

"मंग बारात झोपूनच राह्यलं थे." ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकू आल्यासारखी जरा थांबली. माझ्याकडे पाहिलं. चेहरा कडकच होता, पण पदर तोंडाला लावला तेव्हा मला समजलं की ती हसतेय. "ठराव फाडून टाकाले सांगतो घरी. पण थो डबा बंद करा."

डबा बंद करता येत नव्हता. गावाला आधी सूचना देणं कायद्यानं भाग होतं. खदान पुढे कितीतरी वर्षं चालली, आणि तेवढी सगळी वर्षं दर बाराच्या दिवशी सरपंचीणबाई त्या डब्याबद्दल भांडायला आमच्या अंगणात येत राहिली. मी तिला चहा करून देत असे आणि शेवटपर्यंत ऐकून घेत असे.